शनिवारी तीस टक्के परत

एव्हारिस्तो झांपिएरीचं मांसाचं दुकान आमच्या नोगोया गावात जुन्या रेल्वे स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर, आणि बरोबर त्याच्या समोर माझं बटणं, लोकर आणि झिपांचं दुकान. त्यामुळे त्या वर्षी जे झालं त्यातलं बरंचसं मी काउंटरमागे बसून पाहिलं. उरलेलं त्याच्या बायकोनं, नेलिदानं, मला सांगितलं. एव्हारिस्तोला गावात त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही. त्याचा आजा इटलीहून आला होता, आणि आमच्याकडे इटालियन आजाचा नातू मरेपर्यंत तानोच राहतो.

तानोचं मांस चांगलं असे, वजन चोख असे आणि तोंड फटकळ. दुकानात कार्डाचं मशीन त्यानं कधी येऊ दिलं नाही. कार्डानं दिलेले पैसे हातात पडायला दिवस जातात, आणि आमच्या देशात तेवढ्या दिवसांत महागाईनं पैसा वितळतो. सोमवारी कत्तलखान्याची गाडी आली की अर्धं जनावर उतरवून घ्यायला त्याला रोख लागे. हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण त्यात हट्टाचा भागही होता. बँकेचा एक तरुण मशीन घेऊन आला होता, त्याला तानोनं सांगितलं, "मी मांस विकतो. ज्याला प्लास्टिक विकायचंय त्याच्याकडे जा."

तो तरुण गेला तो दोन चौक सोडून पलीकडे, जिथं पूर्वी सायकली दुरुस्त करत त्या जागेत. तिथं वाल्टर केस्लरनं नवं मांसाचं दुकान काढलं होतं. वाल्टरचे पूर्वज रशियातून आलेले जर्मन, म्हणून तो रुसो. वयानं तानोच्या मुलासारखा, उंच, लाजाळू, बोलताना मान खाली घालणारा. त्यानं मशीन घेतलं आणि काचेवर पिवळा कागद चिकटवला: शनिवारी डेबिट कार्डावर तीस टक्के परत.

ही योजना प्रांताच्या बँकेची होती. त्या बँकेचं डेबिट कार्ड वापरून शनिवारी मांस घेतलं की शंभरातले तीस काही दिवसांनी आपल्या खात्यात परत येत. आठवड्याला एक मर्यादा होती, पण रविवारच्या आसादोपुरतं, म्हणजे निखाऱ्यांवर भाजायच्या जेवणापुरतं, मांस त्या मर्यादेत बसे. आमच्या गावात शिक्षकांचे पगार, नगरपालिकेचे पगार, म्हाताऱ्यांची पेन्शन, सगळं त्याच बँकेत येतं. महिन्याभरात शनिवारी रुसोच्या दारातली रांग कोपऱ्यापर्यंत जाऊ लागली.

तानोकडे लोक यायचे थांबले नाहीत. मंगळवारी थोडा खिमा, गुरुवारी सूपासाठी हाडं, कुत्र्यासाठी काहीबाही, असं नेत राहिले. रविवारचं मांस मात्र रुसोकडून. आणि रुसोची पांढरी पिशवी घेऊन तानोच्या दारावरून जायची कुणाची छाती होत नसे. काही लोक रेल्वेच्या रुळांकडून वळसा घालून जात. काही जण ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून वर पालेभाजी ठेवत. शाळेतल्या संगीताच्या बाई दर शनिवारी तानोकडून बरगड्या न्यायच्या, त्या येईनाशा झाल्या. बुधवारी त्या हाडं घ्यायला आल्या तेव्हा तानोनं विचारलं, "काय बाई, शाकाहारी झालात की काय?"

"डॉक्टरनं सांगितलंय, तानो," बाई म्हणाल्या.

"मग त्या डॉक्टरला सांगा, शनिवारी रांगेत त्याची टोपी दिसली मला."

मी हे माझ्या दारातून ऐकलं. बाई हसल्या, तानो हसला नाही.

आता नेलिदाबद्दल. ती शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला होती, तिथूनच निवृत्त झाली. पेन्शन बँकेत येई. महिन्याच्या पहिल्या दिवशी मशीनपुढच्या रांगेत उभं राहून ती सगळे पैसे काढून आणायची, आणि मग कार्ड महिनाभर देवाच्या तसबिरीमागे पडून राहायचं. एकदा तानोच्या स्वेटरसाठी करडी लोकर घ्यायला ती माझ्याकडे आली आणि नोटा काढू लागली. मी म्हटलं, कार्ड घेऊन ये, आज बुधवार आहे, गल्लीतल्या छोट्या दुकानांवर आज काहीतरी परत मिळतं. ती घरी जाऊन कार्ड घेऊन आली. नंबर कसा दाबायचा, दाबताना वरून हात कसा धरायचा, ते मी तिला दाखवलं.

पुढच्या आठवड्यात ती फोन हातात धरून आली.

"ओफेलिया, हे कुणी दिलं?"

"बँकेनं."

"कशाबद्दल?"

"तू माझ्याकडून लोकर घेतलीस त्याबद्दल."

तिनं थोडा विचार केला. "आणि तुझ्या खिशातून काय गेलं?"

"थोडं माझंही गेलं."

"मग तू वेडी आहेस," ती म्हणाली. पण फोन तिनं परत परत पाहिला.

त्या पैशाचं करायचं काय, हा प्रश्न तिला पडला नाही. पैसा ठेवून चालत नाही हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तिनं पाकातल्या पीचचा डबा आणला आणि माझ्या काउंटरवरच उघडला, आणि आम्ही दोघींनी दोन काट्यांनी तो संपवला. रस कोणी प्यायचा यावर थोडी बोलाचाली झाली. मग ती प्यायली.

त्यानंतर तिला वार पाठ झाले. औषधं कोणत्या वारी, भाजी कोणत्या वारी, किराणा कुणाकडे. कार्ड तसबिरीमागून निघालं आणि तिच्या झग्याच्या खिशात राहू लागलं. दर वेळी जे परत येई त्याचं ती काहीतरी बारीकसं घेई: केसांचा रंग, सुगंधी साबण, एकदा पोपटी रंगाची छत्री. तानोला हे माहीत होतं. बायकांचे चाळे म्हणून त्यानं ते सोडून दिलं. शनिवारचा विषय मात्र ती काढत नसे, आणि मीही काढत नसे.

नोव्हेंबरात आमच्याकडे उन्हाळा लागतो; तेव्हाच्या एका शनिवारी दुकान बंद करून मी रुसोच्या रांगेत उभी होते. ऊन चढलं होतं. माझ्या मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि पुढची कुजबुज थांबली. वळून पाहिलं तर नेलिदा. केस नीट विंचरलेले, कानात रविवारच्या कुड्या. एक माणूस पुढून, आदराचं 'दोन्या' लावून, म्हणाला, "दोन्या नेलिदा, या, माझ्या पुढं उभ्या राहा." ती म्हणाली की नको, मी मागून आले आहे.

तिची पाळी आली तेव्हा रुसोनं मान वर केली आणि त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं असणार, ही भांडायला आली. त्यानं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि विचारलं, "काय देऊ, दोन्या नेलिदा?"

काचेमागच्या ताटांवरून तिची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मला वाटलं, ही आता तशीच परत जाणार.

"पेसेतो दाखव," ती म्हणाली.

पेसेतो म्हणजे मांडीच्या मागचा लांबट, बिनचरबीचा तुकडा. आमच्याकडे तो नाताळला करतात, एरवी फार कुणाला परवडत नाही. रुसोनं एक काढला. तिनं तो उलटा करायला सांगितला. मग दुसरा मागितला. दुसरा फिका वाटला म्हणून तिसरा. मागं एवढी रांग, उन्हात, आणि एकानंही कुरकूर केली नाही. शेवटी तिनं पहिलाच घेतला. कार्ड दिलं, हात आडवा धरून नंबर दाबला, पांढरी पिशवी घेतली.

रुळांकडून वळसा घालून ती गेली नाही. सरळ आमच्या रस्त्यानं गेली, पिशवी हातात, उघडी. मी तिच्या थोडी मागं होते. तानो दारात हाताची घडी घालून उभा होता. त्यानं आधी तिला पाहिलं, मग पिशवीला. ती "ऊन फार आहे" असं काहीतरी म्हणून घरात शिरली. घर दुकानाला लागूनच आहे. तानो आत गेला आणि त्यानं हाडं कापायची करवत चालू केली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि करवतीखाली काही होतं असंही मला वाटत नाही.

रविवारी तिनं पेसेतो बटाट्यांबरोबर भट्टीत भाजला. तानोनं बटाटे खाल्ले. मांस तिनं एकटीनं खाल्लं, आणि उरलेलं सोमवारी थंड करून पावाबरोबर खाल्लं, ते मलाही आणून दिलं. छान झालं होतं.

नंतरचे दिवस ती दोघं कामापुरतंच बोलत. तिकडे लोकांचा जीव मात्र मोकळा झाला. पांढऱ्या पिशव्या आता उघड आमच्या रस्त्यानं जाऊ लागल्या. पोस्टमन इलारिओ तर खिमा घेता घेता तानोला म्हणाला, "तुझी बायकोच तिकडं जाते म्हटल्यावर आम्ही कशाला लपायचं, सांग?" तानोनं खिमा तोलला, कागदात गुंडाळला, सुटे पैसे मोजून हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

बोलणं झालं ते एका दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना. दोघं स्वयंपाकघरात माते, म्हणजे एकाच भांड्यातून आळीपाळीनं प्यायचा कडू काढा, पीत बसली होती. नेलिदानं मला ते जसंच्या तसं सांगितलं, दोनदा.

तानो म्हणाला, "इथं काय कमी होतं तुला? थंड खोलीची किल्ली तुझ्याकडं असते. हवं ते घ्यायचं."

"हवं ते कधी घेतलं मी? विकलं गेलं नाही ते घेतलं. मान, कडा, काळं पडलेलं. चांगलं ते गिऱ्हाइकाला."

"मग बोलायचं."

"बोलतं ते गिऱ्हाईक, म्हाताऱ्या. मी कुठं गिऱ्हाईक होते?"

तानोनं मातेत पाणी ओतलं, स्वतःच प्यायला, तिला दिलं नाही. "त्या रुसोनं असं काय मोठं केलं?"

"काय देऊ, म्हणाला."

"तो सगळ्यांनाच म्हणतो."

"हो," नेलिदा म्हणाली, "सगळ्यांनाच म्हणतो. मलापण म्हणाला."

मग त्यानं विचारलं, तीस टक्के आले का. ती म्हणाली, नाही, पुढच्या आठवड्यात येतील.

पुढच्या शनिवारी तानोनं दुकान मध्येच बंद केलं. मला ते विचित्र वाटलं, म्हणून मी दारात आले. तो घरातून इस्त्रीचा शर्ट घालून निघाला आणि रुसोच्या दिशेनं चालू लागला. मी दुकानाला कडी लावली आणि मागं गेले. माझ्यासारखे आणखी तीन-चार जण निघालेले दिसले.

तानो रांगेत शेवटी उभा राहिला. कुणी जागा देऊ केली नाही; सगळे भिंतीकडं, बुटांकडं बघत होते. त्याची पाळी यायला खूप वेळ लागला. रुसो त्याला पाहून पांढरा झाला होता, पण शब्द त्यानं तेच वापरले.

"काय देऊ, तानो?"

तानो ताटांकडं पाहत राहिला. मांस विकण्यात आयुष्य गेलं, पण काचेच्या या बाजूला तो कधी उभा राहिला नसावा. त्याचे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. आधी पाठीमागं नेले, मग खिशात घातले. शेवटी म्हणाला, "तुझ्या करवतीची पट्टी गेलीय. बरगड्यांवर हाडाचा चुरा राहतोय."

"माहीत आहे," रुसो म्हणाला. "नवी घ्यायला जमलं नाही अजून."

रांग लांब होती, आणि या दारापुढं इतकी रांग असताना पट्टीला पैसे नाहीत हे ऐकून लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. तानोनंही पाहिलं. मग त्यानं बरगड्या मागितल्या, दोघांपुरत्या, आणि नोटा पुढं केल्या.

"रोख दिलेत तर काही परत मिळणार नाही," रुसो म्हणाला. त्याला ते सांगावंच लागत असावं.

"नको परत," तानो म्हणाला.

सोमवारी दुपारी रुसो तानोकडं आला. शटर अर्धं खाली होतं, आणि ते दोघं आत बराच वेळ होते. मला काही ऐकू आलं नाही. नेलिदा आतल्या दारापाशी होती, तिनं सांगितलं. रुसोनं सगळा हिशेब मांडला होता. तीस टक्क्यांतला काही भाग बँक देते, काही त्यालाच सोसावा लागतो. पैसे उशिरा येतात, म्हणून सोमवारचं अर्धं जनावर तो उधारीवर घेतो आणि उधारीवर घेतो म्हणून महाग घेतो. शनिवारी लोक मर्यादेपुरतं घेतात आणि आठवडाभर तोंड दाखवत नाहीत. बाकीचे दिवस तो माश्या मारत बसतो. तानो त्याला म्हणाला की बाकीचे दिवस लोक माझ्याकडं हाडं न्यायला येतात. रुसो श्रीमंत होतोय, असं तानो वर्षभर धरून चालला होता. तसं नाही हे कळल्यावर त्याला बरं वाटलं की वाईट, ते नेलिदाला कळलं नाही. तिनं मातेचं पाणी तापवलं आणि या वेळी तिघांत माते फिरली.

तानोनं मशीन घेतलं नाही. त्यानं शनिवारी दुकान उघडणंच बंद केलं. दारावर पाटी लावली नाही, कुणाला सांगितलं नाही. शनिवारी सकाळी गळ घेऊन तो ओढ्यावर जाऊ लागला. मासे मिळत नसत, किंवा मिळत ते परत सोडण्याजोगे. उन्हानं त्याची मान लाल झाली आणि नेलिदानं त्याला बुधवारी कार्डावर एक टोपी घेतली.

आणखी एक गोष्ट तो करू लागला. शुक्रवारी थंड खोलीला कुलूप लावायच्या आधी तो तिला विचारायचा, "म्हातारे, तुझ्यासाठी काय ठेवू?" ती सांगायची आणि तो ठेवायचा. हे ऐकून मला आनंद झाला, तसं मी बोललेही. नेलिदा म्हणाली, चांगलंच आहे, पण ते तसं नाही होत. त्यानं विचारलं की तिच्या मनात आधी येतं, हा तुकडा विकला गेला असता का, कितीला गेला असता. रुसोकडं तसं काही मनात येत नाही. म्हणून शनिवारी ती रुसोकडं जातच राहिली. घरात दोन दुकानांचं मांस येऊ लागलं आणि तानो दोन्ही खाऊ लागला. रुसोच्या मांसाला तो नावं ठेवत असे, पण ताट पुसून.

उन्हाळा सरला आणि एप्रिलात बँकेनं योजना आवरली. आधी मर्यादा कमी झाली, मग मांसाची दुकानं यादीतून गेली. रुसोच्या काचेवरचा पिवळा कागद निघाला, त्याच्या चिकटपट्टीच्या खुणा राहिल्या. शनिवारची रांग दोन आठवड्यांत संपली. मदतीला ठेवलेल्या माणसाला त्यानं सांगितलं की आता जमणार नाही. ज्यांना रुसोचं दुकान लांब पडायचं ते लोक पूर्वीसारखे तानोकडं वळले आणि शनिवारी त्यांना शटर खाली दिसलं. संगीताच्या बाईंनी तर घराचं दार वाजवलं. नेलिदा बाहेर आली.

"तानो कुठंय?"

"ओढ्यावर."

"आज शनिवार आहे, दोन्या नेलिदा. दुकान?"

"शनिवारी तो मासे धरतो," नेलिदा म्हणाली, आणि मग बाईंना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं की रुसोकडं आज वासियो, तो पोटाकडचा तुकडा, चांगला आलाय.

त्याच सुमारास रुसोनं तिला सांगितलं होतं की आता कार्डावर काही परत येत नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. ती म्हणाली, माहीत आहे. पैसे तिनं कार्डानंच दिले. तिला त्याची सवय झाली होती.

जुलैत, आमच्याकडच्या कडाक्याच्या थंडीत, रुसोच्या थंड खोलीचं यंत्र जळालं. नवं घेणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. तानोच्या थंड खोलीत निम्मी जागा रिकामी असे, ती त्यानं रुसोला भाड्यानं दिली. भाडं रोख, महिन्याच्या पहिल्या दिवशी. आता सोमवारी कत्तलखान्याची गाडी एकदाच येते आणि दोघं मिळून जनावरं उतरवतात. तानोचा उजवा खांदा दुखतो, म्हणून जड बाजू रुसो घेतो. उतरवताना तानो त्याला अखंड शिकवत असतो, सुरी अशी धर, कडा अशा काढ. रुसो मान खाली घालून ऐकतो. त्यातलं तो किती करतो ते मला माहीत नाही. करवतीला नवी पट्टी मात्र आली आहे.

बँकेनं आता चपला-बुटांवर काहीतरी काढलंय, फक्त गुरुवारी, आणि नोगोयात त्यांच्या यादीतलं एकही दुकान नाही. उद्या गुरुवार. नेलिदा सकाळच्या बसनं पारानाला, प्रांताच्या राजधानीला, जाणार आहे आणि मलाही चल म्हणते. दिवसभर तानोच्या जेवणाचं काय, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, थंड खोलीची किल्ली मी त्याच्याकडं दिलीय, हवं ते घे म्हटलं.